काकूंचा ‘ह’ आणि बारा प्लगिन्स

२ जून २०२५

काम नक्की झालं. एका छोट्या प्रकाशकाच्या कादंबरीचं ऑडिओबुक, ३४ प्रकरणं, वाचून साधारण ११ तास. निवेदन आमच्याच मजल्यावरच्या काकूंचं. त्यांनी आकाशवाणीवर बरीच वर्षं नैमित्तिक उद्घोषिका म्हणून काढली आहेत. ध्वनिमुद्रण आणि नंतरची साफसफाई माझ्याकडे. स्टुडिओ म्हणजे डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटची आतली खोली, १० बाय ११ फूट.

प्रकाशकांनी तांत्रिक अटींचं एक पान पाठवलंय. ऑडिओबुक विकणाऱ्या ऑडिबलच्या एसीएक्स या सेवेच्या अटीच मराठीत उतरवल्यात: आरएमएस पातळी (म्हणजे आवाजाचा सरासरी जोर) -२३ ते -१८ डीबीच्या (डेसिबलच्या, इथे शून्य म्हणजे कमाल) दरम्यान, शिखर, म्हणजे सगळ्यात मोठं टोक, -३ च्या खाली, शांततेतला आवाज म्हणजे नॉइज फ्लोअर -६० च्या खाली, ४४.१ किलोहर्ट्झ, एमपी३ १९२ केबीपीएस, बिटरेट कायम. ठीक आहे, आकडे तरी स्पष्ट आहेत.

प्लगिन्ससाठी, म्हणजे मुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, स्वतःचे १०,००० रुपये बाजूला काढलेत. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आजच बारा प्लगिन्स येऊन पडलेत. लग्नाच्या याद्यांसारखं आहे हे, आधी सगळ्यांना बोलवायचं आणि मग कोणाला गाळायचं याचा विचार करायचा.

४ जून

आज एकही प्लगिन उघडायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळलं. नुसती मोजणी केली.

काकू माइकपासून ३० सेंटिमीटरवर, पंखा चालू. आवाजाची पातळी -२६, काकू गप्प असतानाची -५१. पंखा बंद केल्यावर -५६. गादी भिंतीला उभी केली, खिडकीवर दोन गोधड्या टाकल्या, लॅपटॉप दाराबाहेर नेला, तेव्हा -५९. मग काकूंना १५ सेंटिमीटरवर आणलं आणि गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) तेवढाच कमी केला. अंतर निम्मं झालं की आवाज ६ डीबीने वाढतो, खोलीचा आवाज मात्र आहे तिथेच राहतो. हिशेबाने ६, पदरात पडले ५. म्हणजे आता -६४.

एवढ्याने अट पूर्ण झाली असं वाटेल, पण नाही. आवाज -२६ वर आहे आणि तो -२० च्या आसपास न्यायचाय. कॉम्प्रेसर मोठे आवाज दाबतो आणि मग सगळंच वर उचलतो, त्यात शांतताही उचलली जाते. ८-९ डीबीने वर गेली तर -६४ चे -५५ होणार. म्हणजे प्लगिनकडून ६ ते ८ डीबीचीच सफाई हवी आहे. सकाळच्या -५१ वरून निघाले असते तर २० डीबी काढावे लागले असते, आणि इतकं काढल्यावर माणसाचा आवाज माणसाचा राहत नाही. गोधड्यांनी आज जे केलं त्याचे पैसे कुठल्याही प्लगिनला द्यायची गरज नाही.

एक बारीक गुणगुण उरली होती. स्पेक्ट्रममध्ये ५०, १०० आणि १५० हर्ट्झला तीन सरळ रेघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोर कोण ते लगेच कळलं. लॅपटॉपचा चार्जर काढला, रेघा गेल्या. यापुढे मुद्रण बॅटरीवर.

७ जून

मुद्रण रीपर या सॉफ्टवेअरमध्ये करतेय. ६० दिवस पूर्ण सोयींसह वापरून बघता येतं आणि साधा परवाना ६० डॉलरचा आहे, म्हणजे इथे वाद नाही. सोबत येणारी रीईक्यू (ईक्यू, म्हणजे वरचे-खालचे सूर कमी-जास्त करणारं), रीकॉम्प (कॉम्प्रेसर), रीफिर (नको तो आवाज वजा करणारं) ही प्लगिन मंडळी दिसायला तहसील कार्यालयातल्या अर्जांसारखी आहेत, पण कामाला चोख.

आज रीफिरचा सबट्रॅक्ट मोड लावला. काकू गप्प असतानाचा तुकडा ऐकवायचा, तो त्यातून खोलीच्या आवाजाचा नमुना घेतो आणि नंतर तेवढं वजा करत जातो. नमुना घेऊन झाल्यावर ‘आपोआप नमुना घे’ची खूण काढायची असते. मी काढली नाही. मग तो काकूंचं बोलणंही खोलीचा आवाज समजून गोळा करत गेला आणि चौथ्या वाक्याला काकू विहिरीत उतरल्यासारख्या ऐकू यायला लागल्या. अर्धा तास मी केबलवर संशय घेत होते. दोष सर्वस्वी माझा. खूण काढल्यावर ठीक चाललं, पण १० डीबीच्या पुढे गेलं की वाक्याच्या शेपटीला काचेची किणकिण येते. ६ वर ठेवलं तर निमूट काम करतो.

८ जून

पाऊस. यंदा तो मे संपायच्या आतच मुंबईत आलाय आणि आमच्या खिडकीच्या पत्र्यावर त्याचा विशेष लोभ आहे. पंख्याची घरघर एकसारखी असते, तिचा नमुना घेता येतो. पत्र्यावरचा प्रत्येक थेंब वेगळा पडतो. एकही प्लगिन उपयोगी नाही. मुद्रण रद्द.

१० जून

वटपौर्णिमा. काकूंचा उपवास, तरी म्हणाल्या, “अगं, दोन पानं वाचून टाकते, बसून काय करू?” वाचली. घसा कोरडा असला की जीभ टाळूवरून सुटताना टिचक्या वाजतात. एरवी मिनिटाला सरासरी १४ मोजल्या होत्या, आज ३१. आजचा टेक फुकट, पण मोजदाद कामाची.

हिशेब असा. मिनिटाला १४ धरल्या तर ६६० मिनिटांत ९,२४० टिचक्या. हाताने काढायला एकीला ५ सेकंद म्हटले तरी जवळपास १३ तास होतात. आणि हे ५ सेकंद मी रात्री अकरा वाजता ताजीतवानी असेन असं गृहीत धरून आहेत. पैसे खर्च करायचे तर ते इथे, असं आज पहिल्यांदा मनात आलं.

काकूंनी गळ्यासाठी खडीसाखर ठेवली होती. ती बंद करायला सांगितली. गोडाने लाळ चिकट होते आणि टिचक्या वाढतात. ज्येष्ठमधाची काडी आणि कोमट पाणी चालेल. हिरवं आंबट सफरचंदही चालतं, पण काकू म्हणाल्या, “वाचनाला बसायचं म्हणून सफरचंद खायचं? आमच्या वेळी आम्हाला चहासुद्धा मिळायचा नाही.”

१३ जून

आजची नोंद मोठी होणार.

एक एआयवालं डीनॉइज, म्हणजे खोलीचा आवाज काढणारं प्लगिन चाचणीसाठी घेतलं होतं, नाव लिहीत नाही. एकच गोल बटण. फिरवलं की खोली नाहीशी होते. इतकं स्वच्छ की मी घाईघाईने पहिलं प्रकरण त्यातून काढलं आणि काकूंना ऐकवायला नेलं. दीड मिनिट झालं असेल, त्यांनी हात वर केला.

“हे मी म्हटलेलं नाही.”

“काय, काकू?”

“मी ‘नव्हतं’ म्हटलंय. यात ‘नवतं’ येतंय. मी ‘नवतं’ म्हणत नाही.”

मी पुन्हा ऐकलं. खरंच ‘नवतं’. अर्धी डोंबिवली ‘नवतं’च म्हणते, म्हणून माझ्या कानाला ते खटकलंच नाही. ज्या बाईने वर्षानुवर्षं मायक्रोफोनसमोर ‘व्ह’ सांभाळला तिला खटकलं.

घरी येऊन उलट तपासणी केली. रीपरमध्ये प्रत्येक प्लगिनला डेल्टाची सोय आहे. ती लावली की प्लगिनने केलेला फरकच तेवढा ऐकू येतो, म्हणजे काढून टाकलेला कचरा. साफसफाई नीट झाली असेल तर त्यात नुसती खोलीची सळसळ असायला हवी. इथे त्या कचऱ्यात काकू कुजबुजत होत्या. ‘म्हणून’मधला म्ह, ‘न्हाणी’तला न्ह, ‘धडपड’चा ध, ‘भाऊ’चा भ, आणि ‘दहा’, ‘सहा’ या शब्दांचा शेवटचा, विरत जाणारा हा. सगळे महाप्राण तिथे गोळा होऊन बसले होते.

माझा कयास असा. घ, झ, ढ, ध, भ आणि म्ह, न्ह, व्ह, ल्ह बोलताना स्वरतंतू पुरते मिटत नाहीत. सुरासोबत थोडी हवाही बाहेर पडते आणि ती हवा म्हणजे सळसळच. यंत्राने माणूस आणि खोली वेगळी करायला घेतली की सुरेल ते माणसाचं आणि सळसळतं ते खोलीचं, अशी वाटणी होते. इंग्रजीत असे घोष महाप्राण नाहीत, त्यामुळे तिथे या वाटणीत कोणाचं काही जात नसावं. आमचा ‘ह’ मात्र केरात जातो.

मग हीच चाचणी बाकीच्यांवरही लावली. श्वास आपोआप खाली आणणाऱ्या प्लगिनने ‘हळूहळू’तला पहिला ह श्वास समजून दाबला. गेट (आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की तो बंदच करणारं प्लगिन) लावून बघितलं तर वाक्याच्या शेवटचा ‘दहा’ नुसता ‘द’ होऊन दार बंद. गेट यादीतून कायमचं बाद. शिवाय गेट बंद झालं की तिथे ठार शून्य येतं, हेडफोनवर ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र बंद पडलं. खोलीची हलकी शांतता राहायलाच हवी.

बारातली पाच आज गेली. उरलेल्यांसाठी नियम एकच: आधी डेल्टा ऐकायचा, मग खरा आवाज. डेल्टात काकू ओळखू आल्या की प्लगिन किंवा त्याची सेटिंग बाद.

१५ जून, रविवार

दादरला मित्राच्या स्टुडिओत. त्याच्याकडे आयझोटोपचं आरएक्स स्टँडर्ड हे आवाज-दुरुस्तीचं सॉफ्टवेअर आहे. त्यातलं माउथ डी-क्लिक वटपौर्णिमेच्या टेकवर चालवलं, मुद्दाम सगळ्यात वाईट माल. फक्त टिचक्या ऐकवायची सोय त्यातच आहे. ऐकलं तर पावसाळ्यात चूल फुलते तशी तडतड, आणि त्यात काकू जवळजवळ नाहीतच. संवेदनशीलता वाढवत नेली तेव्हा ‘क’ आणि ‘ट’ची टोकं कचऱ्यात दिसायला लागली. तिथून एक पायरी मागे आलो.

३१ पैकी ३-४ उरल्या. त्या हाताने.

आरएक्सची स्वस्त आवृत्ती एलिमेंट्स, पण त्यात हे माउथ डी-क्लिक नाही. साधं डी-क्लिक आहे, ते ग्रामोफोनच्या ओरखड्यासारख्या आवाजांना जास्त लागू पडतं. म्हणजे घ्यायचं तर स्टँडर्ड, आणि ते माझ्या १०,०००च्या बाहेर. मित्र म्हणाला, “तू रविवारी फायली घेऊन ये, इथेच बसून काढ. चहा तू करायचा.” व्यवहार पक्का. सेल लागेपर्यंत हेच चालू ठेवायचं.

१८ जून

डी-एसर, म्हणजे टोचणारा स मऊ करणारं प्लगिन. इथे दोन संध्याकाळी गेल्या.

काकूंचा स ७ किलोहर्ट्झच्या आसपास टोचतो, श त्यापेक्षा बराच खाली, साडेतीनच्या जवळ, आणि तो मुळीच टोचत नाही. बहुतेक डी-एसरना सुरांचा एक पट्टा आणि एक थ्रेशोल्ड (कुठल्या पातळीपासून दाबायचं ते). पट्टा रुंद ठेवला तर बिचारा श उगाच मार खातो. पण खरी गंमत च ची. मराठीत च दोन: ‘चहा’तला आणि ‘चारा’तला. दुसरा दातांमागून येतो, त+स अशी जोडी असल्यासारखा, आणि त्यातला स काढून घेतला तर मागे उरतो त. डी-एसर जरा हावरट ठेवला की ‘चारा’ ‘तारा’कडे झुकतो, ‘चांदणं’ बोबडं होतं. ‘जाड’मधल्या ज चंही तेच.

एका जुन्या, ३२ बिटच्या फुकट डी-एसरवर माझा जीव होता. जुन्या प्लगिनला ६४ बिटच्या सॉफ्टवेअरशी जोडणाऱ्या ‘ब्रिज’च्या पुलावरून लंगडत का होईना पण चालायचा. त्याला निरोप दिला.

घेतलं ते टीडीआर नोव्हा, फुकट आवृत्ती. हा डी-एसर नाहीच, डायनॅमिक ईक्यू आहे, म्हणजे आवाज वाढेल तेव्हाच तो पट्टा दाबणारा: चार पट्टे आणि प्रत्येकाचा थ्रेशोल्ड वेगळा. एकच पट्टा वापरला, ६.८ किलोहर्ट्झला, बेताचा अरुंद. जास्तीत जास्त ४ डीबी खाली येईल इतपतच मोकळीक. स शांत झाला, च शाबूत. ‘चार चमचे चिंच’ हे वाक्य दहा वेळा ऐकलं. आई स्वयंपाकघरातून विचारत होती, कसली आमटी करतेस.

२१ जून

ईक्यूवर फार वेळ घालवायचा नाही. जवळून बोलल्याने कार्डिऑइड (समोरचंच जास्त ऐकणारा) माइक खालचे सूर फुगवतो, म्हणून २४० हर्ट्झला अडीच डीबी कमी. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं बंद. काकूंचा आवाज १८०च्या खाली क्वचित उतरतो, त्यामुळे काही हरवत नाही. वर ‘हवा’ म्हणून १० किलोहर्ट्झला चढवून पाहिलं होतं, छान वाटलं, मग लक्षात आलं की ते फक्त मोठं झालंय म्हणून छान वाटतंय. पातळी जुळवून ऐकलं तर फरक टिचक्यांनाच झाला होता. काढून टाकलं.

फ आणि भ च्या फटक्यांना प्लगिन नको. माइक तोंडाच्या रेषेतून ४० अंश बाजूला वळवला.

२४ जून

खालच्या मजल्यावरचे आजोबा रोज तीन-चार तास ऑडिओबुकांत असतात, दृष्टी गेल्यापासून. त्यांना पाच मिनिटांच्या तीन फायली दिल्या, क, ख, ग. तिन्ही एकाच पातळीवर आणल्या होत्या, नाहीतर कानाला मोठी तीच चांगली वाटते. क: जवळजवळ कच्ची. ख: हलकं कॉम्प्रेशन, २:१. ग: ३:१, बऱ्यापैकी दाबलेली. मनात मी ख ला माळ घातली होती.

आजोबांनी ग निवडली, एका दमात. “पहिल्या दोन्हीत बाई मधेच खालच्या आवाजात बोलतात, मग मला पंखा बंद करावा लागतो.” ते मोबाइलच्या स्पीकरवर, दीडपट वेगाने, पंख्याखाली ऐकतात. मी बंद खोलीत हेडफोन लावून ठरवत होते.

मग विचारलं, श्वास ऐकू येतात त्याचा त्रास होतो का. “श्वास काढले तर मला कसं कळणार त्या कुठे थांबणार आहेत?”

ग ठेवली. फक्त अटॅक, म्हणजे दाब बसायला लागणारा वेळ, १ मिलिसेकंदावरून १० वर नेला, कारण इतक्या घाईने दाबलं की व्यंजनांची धार जाते. रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ, १२०. जोराच्या वाक्यांना ५-६ डीबी दाब पडतो, एरवी ३-४.

२६ जून

एक जुना घोळ सुटला. यूलीनच्या मीटरवर -२१ लफ्स (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक), रीपरच्या मोजणीत आरएमएस -२२.४. दोघांपैकी खोटं कोण? कोणीच नाही. लफ्स मोजताना अगदी खालचे तुकडे हिशेबातून गाळले जातात. आरएमएस सगळ्या फायलीची सरासरी काढतो, विरामांसकट. काकूंचे विराम ऐसपैस, त्यामुळे आरएमएस खाली. प्रकाशकाच्या पानावर आरएमएस लिहिलंय, तर त्याच्यापुढे लफ्स ठेवून उपयोग नाही. शिवाय काही आरएमएस मीटर पूर्ण पातळीच्या साइन तरंगाला शून्य दाखवतात आणि काही -३, म्हणजे तिथेच ३ डीबीचा फरक. मीटर एकच ठेवला आणि बाकीचे मिटवले.

२९ जून

साखळी पक्की, या क्रमाने. ८० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचं सगळं बंद. रीफिर, ६ डीबी, रोजच्या रोज नवा नमुना, खूण काढायची (हे मॉनिटरवर चिठ्ठी लावून लिहिलंय). मग फाइल दादरला माउथ डी-क्लिकसाठी. परत आल्यावर रीईक्यू, रीकॉम्प, नोव्हा, आणि शेवटी लाउडमॅक्स लिमिटर, जो शिखर ठरलेल्या पातळीवर रोखतो. सफाई कॉम्प्रेसरच्या आधीच, कारण कॉम्प्रेसर टिचक्या आणि सळसळ दोन्ही वर आणतो आणि मग त्या काढायला जास्त जोर लावावा लागतो. नोव्हा मात्र कॉम्प्रेसरनंतर. स खरा टोचायला लागतो तो दाबून उचलल्यावर.

बारातली सात डिलीट केली. पाच हजेरीवर, पैकी विकत घेतलेलं एकही नाही. १०,००० अजून तसेच आहेत, यातून दुसऱ्या खिडकीला जाड पडदा आणणार. उरतील ते आरएक्सच्या सेलसाठी.

३ जुलै

पहिली तीन प्रकरणं पाठवली होती. दुसरं परत आलं: शिखर -२.७. माझ्याकडे वेव्ह फाइलमध्ये बरोबर -३.० होतं. एमपी३ करताना तरंगाचा आकार किंचित बदलतो आणि टोकं वर येतात, हे माहीत असूनही मी काठावर चालत होते. लिमिटर -३.५ वर आणला, तिन्ही पुन्हा काढली. नॉइज फ्लोअर -६२ च्या आसपास, आरएमएस -२०.६. आता पास.

काकूंना दुसरं प्रकरण शेवटचं म्हणून ऐकवलं. सोळाव्या मिनिटाला ‘नव्हतं’ येतं. तिथे त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे ऐकत राहिल्या.

५ जुलै

उद्या आषाढी, म्हणजे पुन्हा उपवास. मुद्रण सोमवारी. प्रकरण ९, त्यात चार पानं नुसता संवाद आहे आणि एक पात्र तोतरं. त्याचा च काय करायचा ते बघू. काकूंच्या टेबलावर खडीसाखरेची डबी परत दिसली. म्हणाल्या, ती काकांची आहे.